डिकी धरणारा माणूस

आमच्या गाडीची डिकी आपणहून वर गेलेली मी कधी पाहिलीच नव्हती. गाडी घेतली तीच वापरलेली, एका लांबच्या नातेवाइकाकडून, आणि नातेवाइकाकडून घेतलेल्या वस्तूबद्दल नंतर बोलायची सोय नसते. डिकीच्या दाराला दोन्ही बाजूंना गॅस भरलेले दोन काळे दांडे असतात. दार जरा उचललं की ते त्याला वर ढकलतात आणि तिथंच धरून ठेवतात, असं म्हणतात. आमच्या दांड्यांमधला गॅस निघून चालला होता. गाडी घरी आली तेव्हा डिकी अर्ध्यात थांबायची, पुढं पुढं जरा विचार करून खाली यायची, आणि शेवटी शेवटी विचारही करेनाशी झाली.

माझं सगळं काम त्या डिकीवर चालतं. शाळांच्या स्नेहसंमेलनांना मी पोशाख भाड्यानं देते. मावळे, वासुदेव, कोळणी, पऱ्या, वाघ, झालंच तर गाजर आणि ढब्बू मिरची. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली कायमची रावणाला दिलेली आहे, पाहुणे हॉलमध्ये झोपतात. डिसेंबर उजाडला की धायरीपासून हडपसरपर्यंत बोचकी पोचवायची, कार्यक्रम संपेपर्यंत विंगेत सुई-दोरा घेऊन उभं राहायचं आणि घामेजलेली ढब्बू मिरची परत आणायची. हे मी मुलं शाळेत होती तेव्हापासून करते आहे, आणि एकटी करते आहे. आमच्या घरात सगळं दोघांचं आहे, अगदी रक्तदाबसुद्धा. हे एवढंच एक माझं आहे.

त्यात माझा उजवा खांदा धरला. आता हा हात खांद्याच्या वर जात नाही. गाडी चालवता येते, बोचकी उचलता येतात, कारण कपड्यांना वजन किती असणार? पण एका हातानं पडकी डिकी डोक्यावर पेलायची आणि दुसऱ्या हातानं बोचकी आत सरकवायची हे जमेना. उंचीचं म्हणाल तर देवानं मला देताना हात आखडताच घेतलेला आहे. ढब्बू मिरचीचा पोशाख मला बसतो, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आणि नेमके त्याच सुमाराला आमचे हे रिटायर झाले.

हे एका कारखान्यात तपासणी विभागात होते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू नापास करण्याचा पगार आयुष्यभर घेतला. रिटायर झाल्यावर पगार थांबला, काम चालूच राहिलं. पहिले काही दिवस माझी भाकरी तपासली. मग सोसायटीचे सेक्रेटरी होऊन सगळी सोसायटी तपासली आणि जिन्यापासून गच्चीपर्यंत पाट्या लावल्या. 'पार्किंगमध्ये गाडी धुऊ नये.' 'पार्किंगमध्ये गाडीची कोणतीही दुरुस्ती करू नये. करायचीच असल्यास गॅरेजला जावे, गॅरेजे त्यासाठीच असतात.' पुढच्या निवडणुकीत लोकांनी यांना एकमतानं विश्रांती दिली. पाट्या मात्र राहिल्या, कारण त्या काढायला कोणी सेक्रेटरीच व्हायला तयार नव्हतं.

सुरुवातीला यांनी डिकीला मच्छरदाणीची काठी लावून दिली. पुण्यात निम्म्या जुन्या गाड्यांच्या डिकीत अशी एखादी काठी असतेच, त्यात काही विशेष नाही. विशेष हे की काठी लावायचीही यांची एक पद्धत होती, आणि ती मला येत नव्हती. एकदा मी माझ्या पद्धतीनं लावली. काठी सटकली, डिकी धाडकन खाली आली आणि रावणाची तोंडं चपटी झाली. माझं डोकं थोडक्यात वाचलं. त्या वर्षी एका शाळेत रावण सातच तोंडांचा आला. प्रेक्षकांत कोणाच्या लक्षात आलं नाही, रावणाच्या आईच्या तेवढं आलं.

"आजपासून काठी बंद," यांनी जाहीर केलं. "मीच येत जाईन. मी डिकी धरतो, तू सामान काढ."

मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! नवरा आपल्या डोक्याची काळजी करतो म्हटल्यावर कोणाला वाईट वाटेल? पण डिकी धरायला लागतं मिनिटभर. उरलेला कार्यक्रम होता तीन तासांचा, आणि त्या वेळात हे रिकामे असायचे.

मग यांनी स्नेहसंमेलनं तपासायला घेतली. एका शाळेत तालीम मध्येच थांबवली. का, तर वासुदेवाच्या गाण्यावर मागं बसलेला वाघ टाळ्या वाजवत होता. "वाघ टाळ्या वाजवत नाही," यांनी बाईंना सांगितलं. वाघ पाच वर्षांचा. तो रडायला लागला, ते बघून शेजारचं गाजर रडायला लागलं. दुसऱ्या एका शाळेत पालकांसाठी मांडलेल्या खुर्च्या डुगडुगतात का, हे यांनी ओळीनं बसून पाहिलं आणि डुगडुगणाऱ्या उचलून बाजूला काढल्या. कार्यक्रमाला निम्मे पालक उभे.

धायरीला तर कहर झाला. तिथल्या शाळेचे संस्थापक म्हणजे पूर्वीचे गावातलेच बागायतदार, जमिनी गेल्यावर राहिलेल्या तुकड्यावर शाळा काढलेला भला माणूस. वर्षातून एकदा भाषण करतात. हे पहिल्या रांगेत घड्याळ हातात घेऊन बसले, आणि भाषण संपल्यावर जाऊन त्यांना नम्रपणे सांगितलं की यातलं निम्मं गेल्या वर्षीच झालेलं आहे. त्यांनी मला एका कडेला बोलावलं. "ताई, साहेब लई हुशार हायेत, आमाला मान्य हाय," ते म्हणाले. "पण पुढच्या टायमाला त्यांना घरी इसावा द्या."

घरी येताना मी गाडीत काही बोलले नाही. बोलणार काय? "अहो, तुम्ही लोकांना नको आहात," हे कुठल्या तोंडानं सांगायचं? कारखान्यानं वय झालं म्हणून घरी पाठवलेलं, सोसायटीनं मतं मोजून. आता बायकोनंही तेच सांगायचं का? शिवाय हे स्वतः फार खुशीत होते. "लोकांना सांगणारं कोणीतरी लागतं गं," असं म्हणत शीळ घालत होते.

आणि मग हडपसरच्या शाळेचा फोन आला. ही माझी सगळ्यात मोठी शाळा. बालवाडीपासून दहावीपर्यंत एकाच दिवशी संमेलन, आणि सगळे पोशाख माझे. मुख्याध्यापिकाबाई गोड बोलणाऱ्या. "मॅडम, यंदाही आपणच हं," त्या म्हणाल्या. "फक्त एक विनंती. यंदा आपण एकट्याच याल का? आमच्या शिक्षिका म्हणतात, सर येणार असतील तर या वर्षी पोशाख दुसरीकडून मागवू या."

फोन ठेवला आणि मी समोरच्या बोचक्यावरच बसले. एवढ्या वर्षांचं काम, एक मुलगी कधी उसवलेल्या घागऱ्यात स्टेजवर जाऊ दिली नाही, आणि ते सगळं जाणार कशापायी? डिकीपायी! त्या दोन फुसक्या दांड्यांपायी! दांडे नीट असते तर हे घरी बसले असते. त्या क्षणी मला यांच्यापेक्षा त्या दांड्यांचा जास्त राग आला, आणि ते बरंच झालं.

"अहो, डिकीचं काम करून घेऊ या का गॅरेजमध्ये?" मी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गॅरेजमध्ये? दोन दांडे बदलायला?" यांनी घास तसाच हातात ठेवला. "ते घरच्या घरी होतं. मी करतो ना. वेळ मिळाला की करतो."

रिटायर झालेल्या माणसाला वेळ कधी मिळतो, हे पुण्यात कोणाला विचारून बघा. आठवडा गेला. पुन्हा विचारलं तर म्हणाले, "तसेच दांडे मिळायला हवेत." मग म्हणाले, "थंडीत ते काम करू नये, गॅस आकसतो." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा जरा चिडूनच म्हणाले, "अगं पण घाई काय आहे? मी आहे ना धरायला!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस डिकी दुरुस्त करणार नाही, बहाणे करत राहणार. सकाळी उठून जाण्यासारखं त्या डिकीएवढं एकच ठिकाण याला उरलेलं होतं. मला वाईट वाटलं, मनापासून वाटलं. पण हडपसर हातचं जाऊ द्यावं इतकं काही वाटलं नाही.

मी दुपारची रिक्षा केली आणि नाना पेठेत गेले. गाड्यांचे सुटे भाग तिथं मिळतात एवढंच मला माहीत होतं. पहिल्या दुकानात एक पांढऱ्या दाढीचे चाचा बसले होते. पिढ्यान् पिढ्या पुण्यातले, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ, आणि गिऱ्हाइकाशी बोलायची पद्धत पेठेतलीच. मी गाडीचं नाव सांगून "डिकीच्या आतले ते काळे दांडे" म्हटलं.

"डिकी शॉकर," ते म्हणाले. "साहेब नाही आले?"

"साहेबांना कशाला यायला हवं? गाडी मी चालवते."

"नाही, आपलं विचारलं. बायका येतात त्या बहुतेक चुकीचा भाग परत करायला, आणि तो साहेबांनी नेलेला असतो," असं म्हणून त्यांनी फळीवरून दोन लांब खोकी काढली. मी म्हटलं, एकच बिघडला असेल तर? "आपण एका पायात नवी चप्पल घालता का?" त्यांनी विचारलं. मी दोन्ही घेतले. बसवायचे कसे, हे विचारल्यावर, "सोपं आहे, पण डिकी धरायला एक माणूस लागेल," असं म्हणून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

डिकी धरायला माणूस! म्हणजे ज्या माणसाला डिकी धरण्यातून मोकळं करायचं, त्यालाच आधी डिकी धरायला बोलवायचं. मला रिक्षात एकटीला हसू फुटलं. रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

घरी मोबाईलवर एक चित्रफीत पाहिली. परदेशातला एक आडदांड गृहस्थ हेच काम करून दाखवत होता. त्याच्याकडे धरायला माणूस नव्हता, लाकडाचा ओंडका होता. ओंडका शांत होता, काही बोलत नव्हता. मला त्या गृहस्थाचा फार हेवा वाटला.

रविवारी सकाळी हे गच्चीत टाकी बघायला गेले तेव्हा मी खोकी घेऊन पार्किंगमध्ये उतरले. मच्छरदाणीची काठी लावली, यांच्या पद्धतीनं, निदान मला वाटली तशी. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. दांड्याच्या दोन्ही टोकांना एक खोबण असते आणि ती गाडीच्या गोल बोंडावर बसलेली असते. खोबणीला बाहेरून एक छोटा चाप. चाप स्क्रू-ड्रायव्हरनं जरा उचलायचा की दांडा निघतो. चित्रफितीत हे दोन क्षणांत झालं होतं. माझा चाप गंजलेला. मी टाचा उंचावून, डाव्या हातानं, जीभ बाहेर काढून खटपट करत होते. दोनदा स्क्रू-ड्रायव्हर बोटात घुसला.

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून एका आजोबांनी वाकून पाहिलं. "काय हो, दुरुस्ती का?" त्यांनी विचारलं. "पाटी वाचलीत ना?"

"आमच्याच घरात लिहिली आहे ती," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारलं," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बघत बसले.

इतक्यात हे खाली आले. आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग जमिनीवरच्या खोक्यांकडे. खोकी पाहिल्यावर चेहरा असा झाला की मी पटकन गंजलेल्या चापाकडे बघायला लागले.

"कधी आणलेस?" यांनी विचारलं.

"परवा."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्हाला वेळ मिळत नव्हता."

मला वाटलं, आता चिडतील, गॅरेज काढतील, थंडी काढतील. पण हे पुढं आले, काठी काढून बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी डिकी वर धरली. "काठी भरवशाची नाही," म्हणाले. "आणि चाप खालून नको, वरून उचल. सगळा काढू नकोस, नुसता सैल कर."

वरून उचलल्यावर चाप सैल झाला. एक दांडा निघाला. डिकीचा सगळा भार यांच्या हातांवर आला. आधी तो किती थोडा त्या दांड्यांवर होता आणि किती यांच्यावर, हे बघायला मला वेळ नव्हता, कारण नवा दांडा मी उलटा धरला होता.

"बारीक बाजू खाली," वरून आवाज आला.

"माहीत आहे मला."

"माहीत आहे तर उलटा का धरला आहेस?"

"अहो, तुम्ही डिकी सोडू नका, आणि तोंडही सोडू नका!"

गॅलरीतले आजोबा खोकल्यासारखे हसले. नवा दांडा बोंडावर ठेवून दाबला, टक् असा आवाज आला, मग वरचं टोक, पुन्हा टक्. दुसऱ्या बाजूला गेले. यांचे हात आता थरथरायला लागले होते. साठी ओलांडलेला माणूस, किती वेळ धरणार? मी म्हटलं, "काठी लावा थोडा वेळ, टेका घ्या." म्हणाले, "तू तुझं काम कर." कपाळावरून घाम गळत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. मी पदरानं पुसला. त्यावर हे काहीच बोलले नाहीत, हे यांच्या बाबतीत फार झालं.

दुसरा दांडा बसला. "सोडा," मी म्हटलं.

हे सोडेनात. "नीट बसलाय का? ओढून बघ."

"बघितला. सोडा ना!"

यांनी हात काढले. डिकी तिथंच राहिली. राहिली काय, आणखी वर गेली, सावकाश, अगदी ऐटीत, आम्ही आजवर पाहिली नव्हती तितकी वर. मी टाळीच वाजवली. खाली ओढायला लावली, पुन्हा एका बोटानं उचलली, पुन्हा वर! लहान मुलासारखं चाललं होतं माझं. मी उघडायची, हे बंद करायचे. मी उघडायची, हे बंद करायचे. हे दर वेळी एकदा वर डिकीकडे बघत होते, एकदा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, दांडे तपासताहेत.

"म्हणजे आता धरायला नको," शेवटी म्हणाले.

"नको," मी म्हटलं. मग फार तुटक वाटलं म्हणून पुढं म्हटलं, "बुधवारी हडपसरला मी एकटीच जाऊन येईन म्हणते. तुम्हाला कशाला उगाच दिवसभराची दगदग?"

"हो, हो," हे म्हणाले. "आता काही प्रश्नच नाही." जुने दांडे उचलले, पाटीखाली सांडलेलं ग्रीस फडक्यानं पुसलं आणि वर निघून गेले.

दोन दिवस हे घरात असे वावरले की घरात कोणी आहे की नाही कळू नये. भाकरी करपली होती, ती मुकाट्यानं खाल्ली. मी मनात म्हटलं, बोला ना काहीतरी, नापास करा! पण माघार घेण्यातली मी नव्हे. मुख्याध्यापिकाबाईंना फोन करून सांगितलं, एकटीच येते आहे. "अगदी एकट्या ना?" त्यांनी पुन्हा विचारून घेतलं.

बुधवारी सकाळी मी उठले तर हे आधीच खाली. वॉचमन म्हणाला, साहेब मघापासून गाडीपाशी आहेत. मी उतरेपर्यंत सगळी बोचकी आत रचून डिकी लावून मोकळे झाले होते. येतो असं एकदाही म्हणाले नाहीत. "डिकी उघडताना एक पाऊल मागं सरक," एवढंच बोलले. "हनुवटीला लागेल."

"अहो, मला कळतं," मी म्हटलं आणि गाडी काढली. आरशात हे फाटकाशी उभे दिसले. हात कुठं ठेवावेत हे समजत नसल्यासारखे कधी खिशात घालत होते, कधी मागं बांधत होते.

हडपसरला पोचायला नेहमीइतकाच उशीर झाला. शाळेच्या फाटकात गाडी लावली, ऐटीत मागं गेले, बोटानं डिकी उचलली. एक पाऊल मागं सरकले, हे कबूल करते. डिकी गेली वर! माझं लक्ष डिकीकडे नव्हतंच, कोणी बघतंय का तिकडे होतं. शिपाईमामा आले, सगळी बोचकी घेऊन गेले. मी डिकी लावायला वळले, आणि हात वर केला.

हात पोचेना. उजवा तर प्रश्नच नव्हता. डावा ताणला, टाचा उंचावल्या, चपला काढून बंपरवर एक पाय ठेवून पाहिला. बोटं हवेतच. इतके दिवस ती डिकी वर राहत नव्हती, आता खाली येईना! आजूबाजूला पालकांच्या स्कूटरी, नटलेली पोरं, आणि मी आकाशाकडे हात करून उभी. आता काय करायचं? कोथरूडला फोन करून सांगायचं, या, हडपसरला या, डिकी बंद करायला? माझा सगळा तोरा त्या डिकीबरोबर वर टांगलेला होता.

तेवढ्यात कानाला काहीतरी लागलं. मी झटकलं. ते पुन्हा लागलं. बघते तर डिकीच्या आतल्या बाजूनं एक लाल नाडी लोंबत होती. तिपेडी विणलेली, वर खाचेतून ओवून घट्ट बांधलेली, आणि खालच्या टोकाला हात जाईल एवढा फास.

मी डावा हात उचलला. ताणावा लागला नाही, टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत. हात जिथं आपोआप थांबला तिथंच तो फास होता, ना बोटभर वर, ना बोटभर खाली. ओढला, आणि डिकी निमूटपणे खाली येऊन बसली.

मी पुन्हा उघडली. पुन्हा ओढली. मग गाडीला टेकून उभी राहिले आणि मला रडू आलं, सरळ रडू आलं, भर फाटकात. रविवारी हे माझ्याकडे आणि डिकीकडे आलटून पालटून काय बघत होते, ते मला तेव्हा कळलं. माझा हात पोचणार नाही हे यांना त्याच दिवशी दिसलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर आज मी फोन केला असता आणि उद्यापासून हे पुन्हा गाडीत माझ्या शेजारी बसले असते. एवढी सोपी गोष्ट, आणि त्या माणसानं पहाटे उठून नाडी विणली.

डोळे पुसून विंगेत गेले तर बाई वाट बघत होत्या. समोर एक मावळा दोन्ही हातांनी सुरवार धरून उभा. "मॅडम, याच्या सुरवारीला नाडीच नाही," बाई म्हणाल्या. "आणि त्या दोघांच्याही नाहीत."

तीन मावळे ओळीनं सुरवारी धरून! माझं डोकंच फिरलं. एवढ्या वर्षांत माझ्या पोशाखात बटण कमी निघालं नव्हतं. मी तिथंच फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

"अहो, मावळ्यांच्या नाड्या काढल्यात तुम्ही?"

"घरात तेवढ्याच मजबूत होत्या," हे म्हणाले. "परकराची ओढून पाहिली, तुटली. एकेरी पुरेल असं वाटेना, म्हणून तीन घेतल्या."

"मग मी आता मावळे कशानं बांधू?"

"सेफ्टी पिना ठेवल्या आहेत. वासुदेवाच्या टोपीत." मग जरा थांबून म्हणाले, "लांबी बरोबर आली का गं? स्वयंपाकघरात ज्या फळीपर्यंत तुझा हात जातो, ती मापाला धरली होती. तिच्या वरचं तू मलाच काढायला सांगतेस, म्हणून."

समोर मावळे ताटकळले होते, बाहेर पडदा उघडायची घंटा होत होती.

"बरोबर आली," मी म्हटलं. "ठेवा आता. मला मावळे बांधायचेत."

"हो, हो, बांध," हे म्हणाले. "मी घरीच आहे."